बंद दाराआडचं ताट

मैंदर्गीहून सकाळच्या एस.टी.नं नागव्वा आली ती दोन बोचकी, एक पितळी डबा आणि एक भांडण घेऊन. भांडण तिनं स्टँडपासून टांग्यातच सुरू केलं असावं. कारण टांगा दारात थांबला तेव्हा टांगेवाला हुसेनसाब घोड्याच्या कानांकडं बघत नुसतंच म्हणत होता, "व्हय नागव्वाक्का. व्हय. बरोबर हाय तुमचं."

"बरोबर हाय तर मग सांग की त्या पोरीला!"

'ती पोर' म्हणजे महानंदा. वय एकोणचाळीस, गावातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल, बोलणं मोजकं. नागव्वा तिच्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे तिची अत्ती. अत्तीनं बोचकी खाली ठेवायच्या आधीच उंबऱ्यात उभं राहून विचारलं,

"बुधवारी अमावास्या हाय. हिरेर हब्ब करनार का न्हाय?"

हिरेर हब्ब म्हणजे घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांचा सण. शेजारीपाजारी त्या दिवशी गच्चीवर पान ठेवून कावळ्याला हाका मारत. ह्या घराण्यात कावळ्याचं काम नव्हतं. देवघराच्या खोलीत कलश मांडायचा, गेलेल्या माणसासाठी नवं कापड ठेवायचं, त्याला जे जे आवडायचं ते ताटात वाढायचं, दिवा लावायचा आणि दार ओढून घेऊन सगळ्यांनी बाहेर बसायचं. आत ते माणूस येऊन जेवतं. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसू नये, एवढी साधी रीतभात. मग थोड्या वेळानं खाकरून, कडी वाजवून दार उघडायचं आणि ते ताट घरच्यांनी प्रसाद म्हणून संपवायचं. त्यातला कणही टाकायचा नाही.

महानंदाचे वडील ईश्वरप्पा फाल्गुनात गेले. त्यांचा हा पहिलाच हब्ब.

"अत्ती, अप्पा लिंगैक्य झाले," महानंदा शांतपणे म्हणाली. "मठातले स्वामीच म्हणाले. शिवात मिसळलेलं माणूस परत जेवायला कुठून येणार?"

"मिसळलं म्हंजे हरवलं व्हय?" नागव्वा म्हणाली. "साखर पान्यात मिसळली तर गोडी कुटं जाती गं?"

ह्याचं उत्तर खरं तर महानंदाकडं असायला हवं होतं, कारण वाचनालयातलं अध्यात्माचं कपाट तिनं गेल्या सहा महिन्यांत वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत संपवलं होतं. एक पुस्तक म्हणे, आत्मा काही दिवस घराभोवती घोटाळतो. दुसरं म्हणे, लगेच पुढचा जन्म. तिसऱ्यात परलोकाचे सात मजले होते, आणि प्रत्येक मजल्याचं वर्णन असं की लेखक तिथं भाड्यानं राहून आला असावा. एका पुस्तकातले आत्मे टेबलावर टकटक करून बोलत. महानंदानं आपलं टेबल होतं तसं ठेवलं आणि पुस्तक परत फळीवर लावलं. तिला जे विचारायचं होतं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गेलेल्या माणसाच्या मनात राग शिल्लक राहतो का, एवढंच तिला हवं होतं.

का हवं होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

ईश्वरप्पांचा सगळा जन्म गुळात गेला. बाजारात त्यांची गुळाची अडत. ढेपेचा कोपरा नखानं खरवडायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि गाव सांगायचं, ही त्यांची ख्याती. "ऊस नदीकाठचा हाय. पण बाबा, कढई धुतली न्हाईस नीट." समोरचा शेतकरी ओशाळून हसायचा. अशा माणसाला सत्तरी ओलांडल्यावर मधुमेह निघाला. बायको, गुरम्मा, त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. घरात उरली महानंदा, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद.

त्या कागदाचा तिनं कायदा केला. गुळाचा डबा फडताळात गेला, फडताळाला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या गळ्यात, लिंगाच्या शेजारी जाऊन बसली. सकाळी उठल्याउठल्या पेलाभर कारल्याचा रस. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याला पायी फेरी. आणि दर रविवारी तपासणी. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं म्हणजे वाईट, आणि विटेसारखं लाल झालं तर विचारूच नका. पहिल्या महिन्यात दोनदा लाल आलं. त्यानंतर तीन वर्षं नळी निळीच राहिली, फार तर हिरवट. डॉक्टरांनी महानंदाची पाठ थोपटली. ईश्वरप्पा तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागले.

आणि रोज रात्री अंथरुणावर बसले की म्हणायचे, "नंदा, एक खडा दे की. नखाएवढा."

"नाही."

"अर्ध्या नखाएवढा?"

"अप्पा."

ते हसायचे आणि पांघरूण ओढून घ्यायचे. तीन वर्षांत ह्यात एका शब्दाचा बदल झाला नाही. झाला तो एकदाच. फाल्गुनातल्या एका मंगळवारी त्यांनी खडा मागितला आणि त्यांचा चेहरा जरा दमलेला दिसला म्हणून महानंदा म्हणाली, "रविवारची वाट नको बघायला. उद्या सकाळीच तपासते. निळं आलं तर देते."

सकाळी ते भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर भस्म लावून झालेलं, डोळे मिटलेले. जिभेवर काहीतरी ठेवून गाव ओळखत असल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं, साखरेचा ह्यात काही संबंध नाही. रीतीप्रमाणे त्यांना मांडी घातलेल्या अवस्थेतच, तळहातावर इष्टलिंग देऊन पुरलं. महानंदा सगळं नीट बघत उभी होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नखाएवढा मागितला होता.

त्या दिवसापासून फडताळाचं कुलूप उघडलं नव्हतं आणि तिनं जिभेला गोड लावलं नव्हतं.

"करू या हब्ब," ती अत्तीला म्हणाली.

नागव्वा भांडायच्या तयारीनं आली होती. तिची निराशा झाली. मग तिनं दुसरं भांडण काढलं. "बरं, मग सांग. काय काय आवडायचं त्याला?"

"सगळंच आवडायचं."

"सगळंच म्हंजे? घरातली लेक, आनि हिला म्हाईत न्हाय! वाच आनिक पुस्तकं."

*

बुधवारी महानंदानं रजा टाकली. सकाळपासून नागव्वानं स्वयंपाकघरात कुणाला उभं राहू दिलं नाही. अकराच्या सुमाराला देवघरात कलश मांडला. त्याच्यापुढं पाटावर नवं धोतर आणि गुलाबी रुमाल ठेवला. ईश्वरप्पांना फिकट रंगाचा रुमाल चालत नसे. मग नागव्वानं आपला पितळी डबा उघडला आणि ताटात शेंगापोळ्यांची चवड लावली. भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि गुळाचा वास घरभर पसरला.

महानंदा दारात उभी राहून बघत होती. तीन वर्षांत अप्पांनी शेंगापोळीला हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता, असं म्हणणं जास्त खरं.

तेवढ्यात रेवणय्या स्वामी आले. मागच्या गल्लीतल्या मठाचे हे जंगम, ईश्वरप्पांच्याच वयाचे. लिंगैक्य माणसाला जेवायला बोलवायचं कारण नाही, हे त्यांनीच महानंदाला समजावून सांगितलं होतं. आता त्यांच्या हातात भगव्या फडक्यानं झाकलेलं पातेलं होतं.

"स्वामी, हे काय?"

"काही नाही. हुग्गी केली होती मठात. म्हटलं, थोडी ताटात राहू दे." स्वामींनी फडकं काढलं. गव्हाची खीर, गुळानं तांबूस झालेली, वर तूप तरंगत असलेलं. "शास्त्राप्रमाणं गरज नाही. पण ईश्वरप्पाला आवडायची."

"कधी?"

स्वामी कलशाकडं बघायला लागले.

दारात टांग्याच्या घुंगरांचा आवाज झाला. हुसेनसाब आणि त्याची बायको कमरबी आत आले. हुसेनसाब आणि ईश्वरप्पा चाळीस वर्षांचे दोस्त. एकाच्या गुळाच्या ढेपा दुसऱ्याच्या गाडीतून बाजारात यायच्या, तेव्हापासूनचे. कमरबीच्या हातात जाळीच्या फडक्यात बांधलेली चळत होती.

"चोंगे हायत," कमरबी म्हणाली. "मोहरमला अजून लई दिवस हायत, पन म्हटलं आप्पांसाठी आजच लाटावंत."

चोंगे म्हणजे मोहरमला करायच्या गुळाच्या गोड पोळ्या, टोपलीच्या पाठीवर दाबून नक्षी उठवलेल्या. नागव्वा ताटाजवळून जरा सावरून बसली. तिच्या मनात काय आलं ते कमरबीनं बरोबर ओळखलं.

"वायला तवा ठेवलाय हो अक्का, आप्पांच्या नावाचा. त्याला अंड्याचा वासबी लागू दिला न्हाय कधी."

"तसं न्हाय गं," नागव्वा म्हणाली. "पोळ्या हिकडं सरकवते, चोंग्यांना जागा लागंल. लई केलेत की."

महानंदानं ताटाकडं पाहिलं. शेंगापोळ्या, हुग्गी, चोंगे. मग तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. सगळे दुसरीकडं बघत होते. वाचनालयात कोण पुस्तकाचं पान फाडून नेतं हे ती नुसत्या पाठीवरून ओळखायची. इथं तर चारचार चेहरे होते.

"अत्ती."

"काय?" नागव्वा दिव्याची वात सारखी करायला लागली. वात सारखीच होती.

"किती दिवसांनी पाठवत होतीस?"

"काय?"

"पोळ्या."

"मी कुटं पाठवत हुते! कंडक्टर आनायचा."

हुसेनसाबला खोकला आला.

"आणि कंडक्टर कुणाकडं द्यायचा, हुसेनचाचा?"

"बेटी, मी टांगेवाला मानूस. डब्यात काय हाय ते सवारीला इचारू न्हाई, असा आमच्या धंद्याचा नेम हाय."

"रोज संध्याकाळी तळ्याला फेरी व्हायची, त्याचं काय?"

"व्हायची की!" हुसेनसाब जरा दुखावल्यासारखा म्हणाला. "एक दिस खाडा न्हाय. पाऊस आसू दे, ऊन आसू दे, पुरी फेरी. घोडा आजून सवयीनं तिकडं वळतो."

"टांग्यातून?"

"मग काय घोड्याला खांद्यावर घेऊन?"

कमरबीनं पदर तोंडाला लावला. महानंदा स्वामींकडं वळली. "स्वामी, तुम्ही सुद्धा?"

"प्रसाद होता तो," स्वामी गंभीरपणे म्हणाले. "दर सोमवारी. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. प्रसादात साखर नसते, भक्ती असते."

"हुग्गीत गूळ असतो, स्वामी."

"भक्तीनं घातलेला."

"पण नळी निळी यायची!" महानंदाचा आवाज एकदम चढला. तिच्याच कानाला तो परका वाटला. "तीन वर्षं मी दर रविवारी तपासत होते. पोळ्या, चोंगे, हुग्गी एवढं सगळं खाऊन निळी कशी यायची?"

बाहेर घोड्यानं फुरफुर केली. हुसेनसाब आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"बेटी," तो म्हणाला, "ते... माझं हुतं."

"काय तुमचं होतं?"

"बाटलीतलं."

महानंदाला कळायला थोडा वेळ लागला. रविवारी सकाळी अप्पा छोटी बाटली घेऊन परसाकडं जायचे. परसाच्या मागच्या बोळात हुसेनसाबचा टांगा उभा असायचा. घोड्याला पाणी पाजायला, असं तिला वाटायचं.

"दर रविवारी न्हाय हां," हुसेनसाब घाईनं म्हणाला. "अल्लाची शपत. फकस्त पोळ्या आल्या, न्हायतर चोंगे झाले, तरच."

"आनि सोमवारची हुग्गी रविवारपातुर जिरून जायची," नागव्वानं भर घातली. म्हणजे तिलाही हे माहीत होतं.

"म्हणजे तीन वर्षं मी तुमची साखर तपासत होते?"

"व्हय बेटी. आनि एकदम झकास हाय म्हनं!"

"तेच्यावरच गमजा करतात," कमरबीला आता हसू आवरेना. "मी म्हटलं, वय झालं, एकदा दवाखान्यात जाऊन या. तर म्हनतात, कशाला? माझी तपासनी नंदाबेटी करती, दर आठवड्याला, फुकट."

स्वामींनी डोळे मिटून 'शिव शिव' म्हटलं, पण त्यांचं पोट हलत होतं.

महानंदा हसली नाही. ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

तिथं ती ओट्याला धरून उभी राहिली. चौघांनी मिळून तिला तीन वर्षं बनवलं होतं, आणि पाचवा सगळ्यांत मोठा लबाड कपाळाला भस्म लावून निघून गेला होता. राग कुणावर काढावा, ते कळेना. आणि रागाच्या खाली जे होतं ते अजून तसंच होतं. चोंगे खाल्ले असतील, पोळ्या खाल्ल्या असतील. पण त्या रात्री त्यांनी तिच्याकडं मागितलं होतं, आणि तिनं दिलं नव्हतं.

उंबऱ्याशी पावलं वाजली. हुसेनसाब टोपी हातात घेऊन उभा होता.

"बेटी, चिडलीस?"

"तुम्ही असं का केलंत, चाचा?"

"त्यो म्हनायचा, हुसेन, लाल रंग बघितला की पोरगी दोन दिस जेवत न्हाय. पहिल्या महिन्यात बघितलं त्यानं. म्हनला, मी काय गूळ सोडायचा न्हाय आनि तिनं जेवन सोडायचं न्हाय. तूच काय ते कर. मग मी काय करनार? माझ्याकडं दुसरं काय हुतं द्यायला?"

महानंदाच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं तो आवरला. मग जे तिनं सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं, ते ती ओट्यावरच्या टोपलीकडं बघत बोलून गेली.

"शेवटच्या रात्री त्यांनी खडा मागितला होता. नखाएवढा. मी दिला नाही."

"म्हाईत हाय मला."

तिनं वर पाहिलं.

"त्या सांजेला माझ्या घरी दोन चोंगे खाल्ले की त्यानं," हुसेनसाब म्हणाला. "वर बोटानं गूळ चाटला. टांग्यात बसताना म्हनला, चल, आता घरी जाऊन खडा मागतो. मी म्हनलं, आरं, पोट फुटंल, आता खडा कशाला? तर म्हनला, खायाला न्हाय रे." हुसेनसाबनं हातातली टोपी फिरवली. "म्हनला, बाजारात समदी मला व्हय शेट, व्हय शेट करतात. तूबी व्हयच म्हनतोस. गुरम्मा हुती तवर ती न्हाय म्हनायची. ती गेल्यावर न्हाय म्हननारं एकच मानूस उरलंय. नंदा न्हाय म्हनली की मला घरी आल्यासारखं वाटतं, मग झोप लागती."

बाहेर नागव्वा कमरबीला शेंगा किती भाजायच्या ते सांगत होती.

"पण त्या रात्री मी 'नाही' म्हणाले नव्हते, चाचा," ती हळूच म्हणाली. "उद्या सकाळीच तपासते, निळं आलं तर देते, असं म्हणाले होते."

"उद्या? रविवार नसताना?"

"बुधवारी."

हुसेनसाबनं डोक्याला हात लावला. "या अल्ला. मग रातभर घाबरला आसंल बिचारा. बुधवारी बाटलीची सोय नव्हती!"

आणि महानंदा हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग ओट्यावर वाकून. भस्म लावून, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेले अप्पा तिला दिसले. एवढे कसल्या विचारात होते, ते आता कळलं. हसता हसता चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या तेव्हा तिनं चष्मा काढून ठेवला. आणि मग बराच वेळ ती नुसती रडली. हुसेनसाब उंबऱ्यातच उभा राहिला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. जेवणाऱ्याप्रमाणं रडणाऱ्याच्या तोंडाकडंही बघू नये, ही रीतभात त्याला ठाऊक होती.

तिनं तोंड धुतलं आणि टोपलीतून चार कारली उचलली.

"चाचा, एक खरं सांगा. कारल्याचा रस तरी पीत होते, का मोरीत ओतत होते?"

"त्यो प्यायचा. शपत. सकाळी टांग्याजवळ आला की तोंड असं हे असायचं." हुसेनसाबनं तोंड करून दाखवलं. "मी म्हनायचो, ओत की बाहेर, कोन बघतंय? तर म्हनायचा, न्हाय रे, ती पहाटं उठून किसती."

म्हणजे सगळ्या दिवसात एवढी एक गोष्ट खरी होती. महानंदानं कारली किसली, पिळली, फडक्यानं गाळली. अप्पांच्या स्टीलच्या पेल्यात रस काठोकाठ भरला. मग गळ्यातली किल्ली काढून फडताळ उघडलं. डब्यातला गूळ पावसाळ्यानं काळसर पडला होता. तिनं त्याचा एक खडा मोडला. तो जरा मोठा निघाला. तिनं तो परत मोडला. नखाएवढाच हवा होता.

ताटात तिनं पेला ठेवला तेव्हा नागव्वा किंचाळलीच. "यव्वा! हब्बाला कारलं? त्याला आवडायचं ते ठेवायचं आसतं गं!"

"तीन वर्षं रोज प्यायले, अत्ती. न आवडता कोण पिईल?"

पेल्याच्या शेजारी तिनं खडा ठेवला. दिवा लावला. मग सगळे बाहेर आले आणि तिनं दार ओढून घेतलं.

*

माजघरात सगळे भिंतीला टेकून बसले. शेजारच्या गच्चीवरून 'काव काव' अशा हाका ऐकू येत होत्या. त्या माणसाच्या होत्या, कावळे अजून यायचे होते.

"शबे-बरातीला, पंधरा दिसांमागं, आमीबी हलव्यावर फातेहा दिली," कमरबी हलक्या आवाजात म्हणाली. "आमच्या मानसांची नावं घेतली, आनि मनातल्या मनात आप्पांचं बी घेतलं. म्हटलं, पोचलं तर पोचलं."

"पोचलं आसनार," नागव्वा म्हणाली. "म्हनूनच यायला उशीर लावतोय. पोट भरलंय तिकडं."

"स्वामी," महानंदानं विचारलं, "खरं काय आहे?"

स्वामींनी थोडा विचार केला. "शास्त्र विचारत असशील तर आत कुणी नाही. जे होतं ते शिवात मिसळलं. परत यायचं नाही, जायचं नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मला विचारत असशील, तर दार अजून उघडू नको. त्याला हळू जेवायची सवय होती."

महानंदा हसून बसून राहिली. हुसेनसाब जागच्या जागी चुळबुळत होता. आत एकदा काहीतरी बारीक वाजलं. दिव्याची वात तडतडली असेल. नागव्वानं सगळ्यांकडं असं बघितलं की कुणी 'वात' म्हणायचं धाडस केलं नाही.

बऱ्याच वेळानं नागव्वा खाकरली, कडी वाजवली आणि दार उघडलं.

कलश होता तिथंच होता. दिवा जळत होता. पाटावरचं धोतर, गुलाबी रुमाल, सगळं जागच्या जागी. नागव्वा ताटावर वाकली. "हे बघा! पोळीचा कोपरा मोडलाय."

"तो एस.टी.त मोडला असेल," स्वामी म्हणाले.

"तुमी मघा काय म्हनला न् आता काय म्हनताय!" नागव्वानं त्यांना गप्प केलं. "आनि ह्यो पेला बघा. काठोकाठ. एक थेंब कमी न्हाय. मेल्यावर तरी कडू कशाला पिईल त्यो? सुटला बिचारा."

सगळे हसले. महानंदाही हसली. आणि मग तिनं खाली बसून कपाटातले चार छोटे पेले ओळीनं मांडले.

"हे काय गं?" नागव्वाला काहीतरी संशय आला.

"प्रसाद," महानंदा म्हणाली. "ताटातला कण टाकायचा नाही. तुझीच रीत आहे, अत्ती."

"आगं, पोळ्या संपवू की! हुग्गी संपवू!"

"आधी हा." तिनं कारल्याचा रस चार पेल्यांत सारखा ओतला. उरलेला घोट अप्पांच्या पेल्यात आपल्यासाठी ठेवला. "स्वामी, प्रसादाला नाही म्हणता येत नाही ना?"

स्वामींनी पेला कपाळाला लावला, डोळे मिटले आणि एका दमात प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ती भक्ती नव्हती. कमरबीनं नाक धरून घेतला. हुसेनसाबनं 'बिस्मिल्ला' म्हणून घोट घेतला आणि मघाशी करून दाखवलं होतं ते तोंड त्याला आपोआप झालं. नागव्वा पेला हातात धरून बसली होती.

"नंदव्वा, माझं वय बघ गं."

"अप्पांचं वय तुझ्यापेक्षा तीन वर्षांनीच कमी होतं. रोज प्यायचे."

नागव्वा प्याली. मग कानडीत तिनं आपल्या गेलेल्या भावाला उद्देशून जे म्हटलं, ते त्याला पोचलं असेल तर शिवाचीही समाधी भंगली असेल.

सगळ्यांत शेवटी महानंदानं आपला घोट घेतला. तीन वर्षं रोज हा रस काढून तिनं तो एकदाही चाखला नव्हता. घोट जिभेच्या मुळाशी जाऊन बसला, आणि कपाळाच्या शिरा आखडल्या. हे ते रोज पीत होते. तिनं ताटातला नखाएवढा खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

सहा महिन्यांत पहिल्यांदा गोड. कडवटावर ते हळूहळू पसरत गेलं. तिनं डोळे मिटले.

"सांग की मग," हुसेनसाब म्हणाला. "गाव कुटलं?"

"बार्शीकडचा," महानंदा म्हणाली.

"बार्शी? अगं, त्यानं अडतीवरनं हाकलून दिलं आसतं तुला! ह्यो नदीकाठचा हाय. मीच आनला हुता टांग्यातनं."

"तुमी आनलेला वायला," नागव्वा म्हणाली. "ह्यो अक्कलकोटच्या बाजारातला. मला आटवतंय की."

स्वामींनी खड्याचा एक कण चाखला आणि मत राखून ठेवलं. कमरबी म्हणाली, गूळ गुळासारखा लागतो, गाव कुणाच्या बापाला कळणार? खरं सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो आत्ताच जेवून उठून गेला होता, किंवा आलाच नव्हता.

महानंदा उठली. फडताळ मघापासून उघडंच होतं. तिनं डबाच उचलून आणला आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "परत बघते."

ह्या वेळी तिनं खडा जरा मोठा मोडला.